रानकवकांची बीजाणूंवरून ओळख

रानात, माळावर किंवा कुजक्या लाकडावर उगवलेल्या कवकाचे बीजाणू (ज्यांपासून नवे कवक उगवते ते सूक्ष्म कण) सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्याची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) वा जाती ठरवण्याची पद्धत. भूछत्राचा रंग पावसात धुऊन जातो, आकार वयाबरोबर बदलतो. बीजाणूचे माप आणि घडण त्या मानाने पक्की असते. फ्लॉरेन्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनी बुरशीचे बीजाणू फळांच्या फोडींवर पेरून तीच बुरशी उगवून दाखवली आणि हे प्रयोग १७२९ मध्ये प्रसिद्ध केले.

सुरुवात ठशापासून होते. देठ कापून छत्री कागदावर पालथी घालतात आणि वर भांडे झाकून रात्रभर ठेवतात. सकाळी कागदावर बीजाणूंची पूड पडलेली असते. छत्रीचा तुकडा खरवडण्यापेक्षा हीच पूड घ्यावी, कारण ती पिकलेल्या बीजाणूंची असते. कच्चे बीजाणू मोजले की माप हमखास चुकते. काचपट्टीवर थेंबभर पाण्यात पूड मिसळून, तेल लावलेल्या १०० पट भिंगाखाली, म्हणजे एकूण १००० पट मोठी करून पाहतात. बहुतेक भूछत्रांचे बीजाणू ५ ते १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असतात. एकावर विसंबू नये. वीस-तीस मोजून लांबी-रुंदीचे गुणोत्तर काढतात.

मग मेल्झरचे आयोडीनयुक्त द्रावण घालतात. रुसुला प्रजातीच्या बीजाणूंवरचे खवले त्यात निळे-काळे होतात. एंटोलोमा प्रजातीचे बीजाणू कोनदार असतात, एकदा पाहिले की विसरत नाहीत.

या पद्धतीचे मोल कळते ते क्लोरोफायलम मोलिब्डायटीसपाशी. पावसाळ्यात हिरवळीवर उगवणारे हे पांढरे, विषारी भूछत्र कोवळेपणी खालूनही पांढरेच दिसते आणि खाद्य अळंबी समजून खाल्ले जाते. पिकल्यावर त्याचा ठसा हिरवट पडतो. बीजाणू जाड भिंतीचे, टोकाशी छाटल्यासारखे, मेल्झरमध्ये तांबूस-तपकिरी होणारे. वारुळावरच्या अळंबीचा (टर्मिटोमायसीस) ठसा मात्र गुलाबीसर, बीजाणू गुळगुळीत, पातळ भिंतीचे, आणि द्रावणात त्यांचा रंग तसा बदलत नाही.

बीजाणू पाहून विष कळत नाही, फक्त नाव कळते; खाण्यायोग्यतेचा निर्णय त्या नावावरून होतो. काही जाती सूक्ष्मदर्शकाखालीही सारख्याच दिसतात, तिथे डीएनए तपासावा लागतो. वाळवलेल्या नमुन्याबरोबर ठशाचा कागदही पाकिटात जपून ठेवतात. त्यावरचे बीजाणू कित्येक वर्षांनीही पुन्हा मोजता येतात.