केनियाला जाताय? यलो फीव्हरचं कार्ड आधी काढा

मसाई माराची सहल ठरली की दुर्बीण, कॅमेरा, गरम कपडे सगळ्याची तयारी होते. लसीचा विषय मात्र निघायच्या आठवड्यात निघतो. आणि मग कुणीतरी सांगतंच, "अहो, केनियात कुणी विचारत नाही." तसं ते खरंही आहे. भारतात यलो फीव्हर नाही, त्यामुळे थेट इथून जाणाऱ्याला केनिया हे कार्ड, म्हणजे त्या तापाची लस घेतल्याचं प्रमाणपत्र, सक्तीचं करत नाही. सक्ती आपल्या देशाची आहे, ती परत येताना.

हा ताप पसरवणारा एडीस इजिप्ती डास, म्हणजे आपला डेंगीवाला डास, इथे गल्लोगल्ली आहे. विषाणू तेवढा अजून आलेला नाही. तो कुणाच्या रक्तातून एकदा आला तर पुढचं काम डास करतील, ही सरकारची धास्ती. म्हणून केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, ब्राझील, पेरू, कोलंबिया अशा बाधित देशांतून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे वैध कार्ड नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवतात. जास्तीत जास्त ६ दिवस, किंवा कार्ड वैध होईपर्यंत. घर विमानतळाशेजारी वाकोल्याला असलं तरी सुटका नाही.

लस कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्राचाच शिक्का चालतो. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना, न्हावा-शेवाला तिथली बंदर आरोग्य संघटना, गोव्यात मुरगावचं बंदर आरोग्य कार्यालय ही त्यांतली नेहमीची. बोटीवर जाणाऱ्या कोकणातल्या मुलांना हे पत्ते तोंडपाठ असतात. पूर्ण यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. लस न टोचता कार्ड "करून देतो" म्हणणारे एजंटही भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

आधी वेळ घ्यावी लागते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं ठरावीक दिवशी ठरावीक लोकांनाच बोलावतात. सुट्ट्यांच्या हंगामात तारीख पटकन मिळत नाही. त्यात कार्ड वैध होतं टोचल्यापासून १० दिवसांनी, कारण अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. तेव्हा तिकीट काढलं की त्याच आठवड्यात केंद्राची तारीख बघा.

सोबत मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या व शेवटच्या पानाची झेरॉक्स, अपॉइंटमेंटचा कागद आणि केंद्राचं शुल्क न्या. आजार किंवा औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठीही. जेवून जा, टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. पुढे थोडा ताप, अंगदुखी होऊ शकते.

ही जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून सगळ्यांना देत नाहीत. नऊ महिन्यांखालची बाळं, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, कर्करोगाच्या उपचारांमुळे किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेले, थायमस ग्रंथीचा आजार असलेले यांना ती टाळतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच साठीपुढच्या मंडळींनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांनी हे बुकिंगच्या आधी विचारावं, नंतर नव्हे. लस देता येत नसेल तर वैद्यकीय सूट लिहून मिळते, पण ती मान्य करायची की नाही हे समोरचा देश ठरवतो.

कार्ड हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर तेच हवं. तारखेत महिना आकड्यात नाही, अक्षरांत लिहिलेला हवा. लस बनवणाऱ्या कंपनीचं नाव, बॅच नंबर, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का आणि तुमची स्वतःची सही. खाडाखोड असेल तर नवं मागा. तशा कार्डाला अवैध ठरवता येतं. मुलाचं कार्ड वेगळं असतं आणि त्यावर पालक सही करतात.

जुनं, दहा वर्षं मुदत छापलेलं कार्ड घरात असेल तर पुन्हा टोचायची गरज नाही. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी वैध धरलं जातं, जुनी कार्डंही त्यात आली. मात्र पासपोर्ट बदलला असेल तर कार्डावर जुना नंबर असतो; जुना पासपोर्टही बरोबर ठेवा.

विमान बदलण्याचा घोळ वेगळाच. दक्षिण आफ्रिकेत हा ताप नाही, पण अदिस अबाबा किंवा नैरोबीत बारा तासांहून जास्त थांबून तिथे गेलात तर तो देश कार्ड मागतो. केनियाची सहल करून पुढे टांझानियात सेरेंगेटीला जाणाऱ्यांनाही ते लागतं. परतीच्या विमानात कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. मुंबईत आरोग्य विभागाचं टेबल इमिग्रेशनच्या आधी येतं, बॅगा त्याच्या पुढे मिळतात.