मेट्रोला इंजिन का नसतं?

आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोच्या गाडीला आठ डबे आहेत, पण इंजिन नाही. लोकलमध्ये वाढलेल्या मुंबईकराला त्याचं काही वाटत नाही. बोगद्यातून ते इंजिन घालवायला मात्र पुष्कळ वर्षं लागली, आणि आजच्या मेट्रोची सगळी घडण त्यातूनच आली आहे.

जगातली पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावली, तीही वाफेवर. बोगदा रस्त्याच्या जेमतेम खाली, तरी धुरानं जीव गुदमरायचा. त्याहून खोल जायचं तर विजेशिवाय गत्यंतर नव्हतं. १८९०मध्ये सिटी अँड साउथ लंडन रेल्वेनं खोल बोगद्यात विजेची इंजिनं आणली. धूर गेला, इंजिन मात्र राहिलं. १९००मध्ये सुरू झालेल्या सेंट्रल लंडन रेल्वेची इंजिनं तर सुमारे ४४ टनांची होती. त्यांच्या धक्क्यांनी वरच्या इमारती हादरू लागल्या, तक्रारी झाल्या, चौकशी समिती बसली आणि १९०३मध्ये ती इंजिनं काढून टाकावी लागली.

त्यांच्या जागी जी युक्ती आली ती अमेरिकेतल्या फ्रँक स्प्रेग यांची. विजेच्या ट्राम उभारून झाल्यावर ते विजेच्या लिफ्ट बनवत होते. अनेक लिफ्ट एका जागेवरून चालवता येतात, मग अनेक डबे का नाही? त्यांनी डब्यांखालीच मोटरी बसवल्या. मोटरीची जबर वीज त्या त्या डब्यातच राहते. गाडीभर फिरते ती फक्त हुकूम पोहोचवणारी बारीक तार. १८९७मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावात चाचणी झाली, तेव्हा त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला गाडी चालवायला उभं केलं. अख्खी गाडी एका पोराच्या हाताला वश झाली! मला या सगळ्या इतिहासातला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. पुढच्याच वर्षी शिकागोच्या उन्नत रेल्वेवर ही पद्धत रुळली.

यातली खुबी साधी आहे. चाक रुळाला किती धरून राहील, हे त्याच्यावरच्या वजनावर ठरतं. इंजिन एकटंच ओढत असेल तर पकड फक्त त्याच्या चाकांची. मोटरी डब्यांखाली पसरल्या की डब्यांचं, अगदी आत दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माणसांचंही वजन कामाला येतं. किलोमीटर-दीड किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला झटकन वेग घेता येतो. शेवटच्या स्टेशनवर इंजिन फिरवून दुसऱ्या टोकाला लावायची कटकटही संपते.

आपल्याकडे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावलेली देशातली पहिली विजेची गाडी याच जातीची, १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवर चालणारी. आपला ‘मोटरमन’ हा शब्दही मूळचा अमेरिकेतल्या विजेच्या ट्रामचा.

त्यानंतर कित्येक दशकं एक दोष तसाच राहिला. गाडी सुटताना मोटरीला बेतानं वीज द्यायची म्हणून उरलेली वीज रेझिस्टरमध्ये, म्हणजे वीज अडवून तापणाऱ्या भागात जाळली जायची, आणि थांबताना ब्रेकही उष्णताच ओकायचे. लंडनच्या बोगद्यांभोवतीची चिकणमाती त्या उष्णतेनं वर्षानुवर्षं तापत गेली.

इलेक्ट्रॉनिक्सनं यातून सोडवलं. आता इन्व्हर्टर मोटरीला लागेल तेवढ्याच व्होल्टेजची आणि फ्रिक्वेन्सीची थ्री-फेज वीज पुरवतो. दारं मिटल्यावर पायाखालून चढत जाणारा ‘ऊंऽऽ’ ऐकू येतो ना, तो याचाच. ब्रेक लावताना तीच मोटर जनरेटर होते आणि वीज तारेत परत सोडते.

ती वीज घ्यायची कुठून, हे मात्र शहरागणिक बदलतं. १९८४च्या कोलकाता मेट्रोला रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट डीसी मिळते. २००२च्या दिल्ली मेट्रोनं डोक्यावरच्या तारेतली २५ हजार व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज निवडली, आणि मुंबईच्या भुयारी मार्गावरही तीच आहे.

हुकूम देणारा हातही बदलत गेला. १९६८मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर चालक दारं मिटून बटण दाबायचा, पुढच्या स्टेशनापर्यंत गाडी आपली आपण जायची. डिसेंबर २०२०मध्ये दिल्लीच्या मॅजेंटा लाइनवर चालकाविना गाड्या सुरू झाल्या.