डी ड्राइव्ह आणि बियाण्याचं पोतं

यवतमाळकडच्या आमच्या घरी स्टीलच्या कपाटाच्या दारावर एक चुंबक चिकटलेलं आहे. चंद्रकोरीसारखं वाकलेलं, जेमतेम बोटभर, पण ओढून काढताना नखं दुखतात. ते एका मेलेल्या हार्ड डिस्कच्या पोटातून निघालं. त्याच डिस्कवर आजीच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. संगणक बसवून देणाऱ्या पोरानं सांगितलं होतं, "डी ड्राइव्हमध्ये टाकत जा, काही होत नाही." आम्ही सात वर्षं त्याच भरवशावर होतो.

यंदा कापूस विकून काकांनी नवा संगणक घेतला आणि तो लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं. खोकं उघडत नाही तोच काकूनं विचारलं, "डी हाये ना बाप्पा याच्यात?"

तिचा समज अगदीच खोटा नाही. बहुतेक घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज बिघडलं, सी पुसून पुन्हा टाकावं लागलं, तर डीमधलं वाचतं. पण डिस्कच गेली तर? कणगीत मधोमध तट्टा उभा केला म्हणून दोन कणग्या होत नाहीत. पाणी शिरलं की दोन्हीकडचा दाणा भिजतो. म्हणून मी प्रत्येक प्रतीला एकच प्रश्न विचारतो: ही कशानं मरेल? दोन प्रतींचं उत्तर सारखं आलं, तर ती माझ्या हिशेबात एकच प्रत.

आता मरतात कशा ते बघू. हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात आणि त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. माहिती वाचणारं टोक चकतीला टेकत नाही, फिरण्यानं तयार झालेल्या हवेच्या पापुद्र्यावर ते तरंगतं. मधलं अंतर फक्त काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे हा प्रकार किती नाजूक आहे ते बघा. चालू डिस्कला धक्का लागला की टोक चकतीवर घासू शकतं. आमची डिस्क शेवटी नुसती टक्... टक्... करायची. टोक आपली जागा शोधत होतं, सापडली नाही की मागं येऊन पुन्हा जात होतं. उघडली तेव्हा चकतीवर एक बारीक गोल ओरखडा दिसला. आजीची दिवाळी बहुधा तिथंच कुठंतरी गेली.

माहिती साठवायचा दुसरा, नवा प्रकार म्हणजे एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तिच्या मुळाशी असलेली फ्लॅश मेमरी १९८०च्या दशकात जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधली. अतिसूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडायचे, भोवती विद्युतरोधक थर, आणि किती कोंडले यावरून माहिती ओळखायची. वेग जबरदस्त आणि धक्क्याची भीती कमी. पण कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतात, आणि उष्णतेनं ते जास्त झिरपतात. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची अट अशी: लिहिण्याचं ठरलेलं आयुष्य संपल्यावरही, वीज बंद असताना ३० अंश तापमानाला माहिती एक वर्ष टिकली पाहिजे. नवी एसएसडी यापेक्षा खूप जास्त टिकते हे खरं. पण मे महिन्यात आमच्याकडे टिनाखालच्या खोलीत ३० अंश कुठले? त्यामुळे बंद करून कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी मी साधी फिरती हार्ड डिस्कच पसंत करतो. तिच्यातलं चुंबकत्व असं झिरपत नाही.

नव्या संगणकात विंडोजसाठी ५१२ जीबीची एसएसडी होती, फोटो-व्हिडिओसाठी १ टीबीची, म्हणजे १००० जीबीची, वेगळी हार्ड डिस्क टाकून घेतली. काकूच्या समाधानासाठी तिलाच डी नाव दिलं. स्क्रीनवर ९३१ जीबी दिसल्याबरोबर काका म्हणाले, "मापात मारलं." नाही मारलं. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ला १०२४नं दोनदा गुणून येणारे १०७ कोटींच्या वर बाइट धरतं. माल तेवढाच, पायली मोठी. कापूस विकणाऱ्या माणसाला हे पटवायला मला चहाचे दोन कप लागले.

हो, आणखी एक. विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं प्रवेश केला की बऱ्याच नव्या संगणकांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे मशीन बिघडून डिस्क दुसरीकडे लावली, तर ४८ आकडी किल्ली मागते. ती खात्यात जमा असते, पण मी कागदावर उतरवून बँकेच्या पासबुकात ठेवली.

आत दोन डिस्क झाल्या तरी वीज कोसळली, चोरी झाली किंवा फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर दोन्ही एकदम जातील. म्हणून बाहेरून लावायची २ टीबीची डिस्क घेतली. रविवारी जोडायची, प्रती घ्यायच्या, काढून कपाटात. कायम जोडून ठेवली तर व्हायरस तिलाही सोडत नाही. हे सगळं समजावून झाल्यावर काकूनं शांतपणे विचारलं, "मंग घरालेच आग लागली तं?"

याला उत्तर म्हणून तशीच आणखी एक डिस्क वर्ध्याला ताईकडे गेली. ती महालक्ष्म्यांना आणि होळीला येते, तेव्हा अदलाबदल. इंटरनेटवर ठेवण्याचाही हिशेब केला होता. वर पाठवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे ३०० जीबीला सलग १४ दिवस, तेही लाईन न जाता. एसटी जास्त वेगवान निघाली. सातबारा, मार्कशीट असले कागद मात्र गुगलच्या फुकट १५ जीबीत सहज मावले.

काका सोयाबीनचं घरचं बियाणं वेगळ्या पोत्यात ठेवतात, पण त्या पोत्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि कोंब मोजतात. सत्तर उगवले तर पेरायचं. डिस्कचंही तसंच करू म्हटलं. त्यांनी मनाला येतील अशा दहा फायली सांगितल्या, मी बाहेरच्या डिस्कवरून एकेक उघडली. बैलजोडी, शेततळं, नातवाचं बारसं... नऊ उघडल्या. दहावी, ताईच्या साक्षगंधाचा व्हिडिओ, डिस्कवर नव्हतीच. प्रती फक्त डीमधल्या घेतल्या होत्या, आणि तो व्हिडिओ कुणीतरी डेस्कटॉपवरच ठेवला होता.

"दहात नऊ," काका म्हणाले. "पेरायले चालते."

"साक्षगंधच नाही अन् चालते म्हणता?" काकू म्हणाली, आणि मी डिस्क पुन्हा जोडली.