नाणे-प्रतवारी
संग्राह्य नाण्याची झीज, छाप, मूळ झळाळी, ओरखडे आणि एकूण देखणेपण पाहून त्याचा दर्जा ठरविण्याची पद्धत. निकष छापील असले, तरी निवाडा डोळ्यांचा असतो. त्यामुळे एकाच नाण्याला दोन जाणकार निरनिराळा दर्जा देतात.

‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘अनसर्क्युलेटेड’ (चलनात न वापरलेले) अशा शब्दांत दर्जा सांगण्याची रीत पाश्चात्त्य लिलावसूचींत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावलेली दिसते; तिची मुळे त्याआधीची असावीत. आकड्यांचा उगम मात्र निश्चित आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्ट शेल्डन याने १९४९ मध्ये १ ते ७० ही श्रेणी मांडली, ती १७९३ ते १८१४ या काळातील अमेरिकेच्या तांब्याच्या मोठ्या सेंटपुरती. (माणसांच्या शरीरयष्टीचेही त्याने आकड्यांत वर्गीकरण केले होते.) ही श्रेणी अवस्थेची मोजपट्टी होती की किमतीचे कोष्टक, याविषयी लेखकांचा भर वेगवेगळा असतो. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची मूळ किंमत गुणिले दर्जाचा आकडा म्हणजे बाजारभाव, असे शेल्डनचे गणित होते. मूळ किंमत २ डॉलर असेल, तर २० दर्जाचे नाणे ४० डॉलरचे आणि ७० दर्जाचे १४० डॉलरचे. ‘गुड’ ४ वर, तर ‘एक्स्ट्रिमली फाइन’ एकदम ४० वर का, याचा उलगडाही यातूनच होतो. ही अंतरे झिजेची नसून पैशांची आहेत. पुढे बाजारभाव बदलले, गणित मोडले, आकडे तेवढे राहिले. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७७ मध्ये ही श्रेणी थोड्या फेरफारांसह अमेरिकेच्या इतर नाण्यांनाही लावली.

मतभेदाची खरी जागा म्हणजे झीज आणि कच्ची छाप यांतील फरक. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या अनेक मॉर्गन डॉलरांवर (अमेरिकेची चांदीची जुनी नाणी) लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या, कानावरचे केस सपाट दिसतात. त्या सपाट भागावर नाणे तिरपे फिरवताना झळाळी सलग सरकली, तर दोष छापेचा. तिथेच ती तुटली, तर नाणे हाताळले गेले असावे. ‘अनसर्क्युलेटेड’ दर्जा ६० पासून सुरू होतो; पण ही झळाळी किती तुटली म्हणजे नाणे ६० च्या खाली उतरते, यावर एकमत होत नाही. लिबर्टीच्या मोकळ्या गालावरचा ओरखडा केसांत दडलेल्या तेवढ्याच ओरखड्यापेक्षा जास्त गुण कापतो, हेही सौंदर्यदृष्टीचेच माप. केवळ अवस्था मोजणारी ‘तांत्रिक’ आणि देखणेपण व मागणीही धरणारी ‘बाजारी’ अशा दोन प्रतवाऱ्या मानतात. व्यवहारात दुसरीच चालते.

पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या प्रतवारी करणाऱ्या अमेरिकन संस्थांनी एकाहून अधिक परीक्षकांची मते घेऊन नाणे प्लॅस्टिकच्या मोहोरबंद डबीत देण्याची पद्धत रुळवली. ६० ते ७० मधील अकराही पायऱ्या वापरात आल्या आणि एका पायरीने किंमत अनेक पटींनी बदलू लागली. साहजिकच, डबी फोडून तेच नाणे वरच्या आकड्याच्या आशेने पुन्हा पाठविण्याचा उद्योग सुरू झाला. तो काही वेळा फळतो, यातच बरेच काही आले. ब्रिटनमध्ये अजूनही शब्दांकडेच कल आहे.

हाताने ठोकलेल्या नाण्यांना ही श्रेणी नीट बसत नाही. शिवराईचा ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असे. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ ही अक्षरे न झिजताही अर्धवट उमटतात. अशा शिवराईत संग्राहक आधी अक्षरे किती आली ते पाहतात, झीज नंतर. प्राचीन नाण्यांसाठी एनजीसी छाप आणि पृष्ठभाग यांना प्रत्येकी ५ पैकी गुण वेगळे देते. भारतीय लिलावसूचींत ‘व्हीएफ’, ‘एक्सएफ’, ‘यूएनसी’ ही संक्षिप्त रूपे रूढ आहेत.