दोन-तीन दिवसांची बॅग घेण्याआधी एकदा वाचा

म्हापशातल्या आमच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारी मागणी म्हणजे, "दोन दिसांक पुरो जाता तशी एक बेग जाय." त्यावर आम्ही बॅग काढून दाखवण्याआधी उलट विचारतो, की जाणार कशाने? कदंबच्या बसने, थिवीहून रेल्वेने की मोपाहून विमानाने? काहींना हा प्रश्न आगाऊ वाटतो. पण बॅग किती मोठी हवी हे दिवसांवर कमी आणि वाहनावर जास्त ठरतं.

फोनवर ऑर्डर देणारे बहुतेकदा नुसतं नाव सांगतात: "एक डफल पाठवा." आमच्याकडे डफल म्हणजे आडवी, नळकांड्यासारखी, दोन हातांची आणि खांद्याला लांब पट्टा असलेली बॅग. तिलाच कुणी जिम बॅग म्हणतं, कुणी ट्रॅव्हल बॅग, आणि साठीच्या पुढची मंडळी अजून एअरबॅग म्हणतात. सॅक म्हणजे पाठीवरची. तिलाच हॅवरसॅक म्हणणारेही आहेत, पण तो शब्द मुळात घोड्याच्या ओटच्या पिशवीचा, आणि ती एका खांद्याला अडकवायची असे. ट्रॉली म्हणजे चाकांची, मऊ असो वा कडक. ओव्हरनायटर म्हणजे एका रात्रीची, लॅपटॉपचा कप्पा असलेली चौकोनी बॅग, आणि कॅबिन बॅग हा तर प्रकारच नव्हे, तो नुसता आकार आहे. नावं हवी ती वापरा, आमचं काही म्हणणं नाही. फक्त नावाबरोबर माप सांगा. नावावरून पाठवलेली बॅग परत येते, आणि जाण्यायेण्याचा खर्च कुणी सोसायचा यावर बोलणं होतं.

आता मापाकडे येऊ, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर सहसा हातातली एक बॅग ७ किलोपर्यंत चालते, आणि लांबी, रुंदी, जाडी यांची बेरीज ११५ सेंटीमीटरच्या आत लागते. बहुतेक ठिकाणी हे ५५ × ३५ × २५ असं लिहिलेलं असतं, कुठे ५५ × ४० × २०. (तरी आपल्या तिकिटावरचा आकडा बघाच, परदेशी कंपन्यांचे नियम बरेच वेगळे असतात.) गिऱ्हाईक घरी रिकामी बॅग मोजतात. रिकामी मऊ बॅग २५ भरते, म्हणजे बसली. मग आत कपडे, वरच्या कप्प्यात चार्जर, बाहेरच्या खिशात पाण्याची बाटली आणि छत्री, की तीच बॅग २८-२९ वर जाते. विमानतळावरच्या मापाच्या चौकटीत ती घुसत नाही. मग ती खाली सामानात द्यावी लागते, आणि पॉवरबँक खालच्या सामानात चालत नसल्यामुळे रांगेत उभं राहून भरलेली बॅग उपसावी लागते. नंतर राग आमच्यावर.

दुसरी गफलत टेपची. शिंप्याची टेप बॅगेच्या फुगलेल्या पोटावरून वळवली तर माप चुकणारच. बॅग पूर्ण भरा, चेन लावा, जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा. दुसऱ्या बाजूने घरातला पाट उभा टेकवा आणि भिंतीपासून पाटापर्यंतचं अंतर मोजा. तिन्ही बाजूंना असंच. चाकं आणि बाहेर राहणारं हँडल धरून. "माझी २० इंची आहे" असं सांगणारे पुष्कळदा नुसत्या खोक्याचं माप सांगत असतात. २० इंच म्हणजे ५१ सेंटीमीटर, त्यावर चाकांचे पाचेक आले की ५५ ओलांडलंच.

म्हणूनच आम्ही शिवत असलेली मोठी बॅग ५५ × ३५ × २२ ची असते. "बाकीचे २५ देतात, तुम्ही तीन सेंटीमीटर खाता," असं तोंडावर ऐकवणारे भेटतात. ते तीन सेंटीमीटर फुगण्यासाठी सोडलेले आहेत. शिवाय २२ मध्येही ४२ लिटर जागा होते, आणि दोन-तीन दिवसांना तिशीतली बॅगही पुरते. खरं सांगायचं तर बहुतेकांना आमची धाकटी, ४५ × ३० × २० ची, २७ लिटरची बॅगच पुरेल. किंमत कमी, आणि छोट्या शहरांकडे जाणाऱ्या पंख्याच्या लहान एटीआर विमानांत वरचे कप्पे अरुंद असतात, तिथेही ती निमूट बसते.

चाकं का लावत नाही, हा रोजचा प्रश्न. चाकांची बॅग रिकामीच अडीच किलोच्या आसपास असते. ७ किलोतून ती वजा करा, कपड्यांना साडेचार उरतात. आमची कापडी बॅग एक किलोच्या आत आहे. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर मात्र ट्रॉलीच घ्या, तीही आमच्याकडे आहे.

रेल्वेला आणि बसला एवढा विचार नको. स्लीपर कोचमध्ये बॅग पायाशी घ्यायची असेल तर मऊ घ्या, डिकीत टाकायची असेल तर जाड कापडाची. बस्स.

आपल्याकडच्या पावसाचं मात्र वेगळं सांगायला हवं. रेक्झिनच्या बॅगा स्वस्त आणि दिसायला झकास, पण दमट हवेत दोन-चार पावसाळ्यांत त्यांचा वरचा थर पापुद्र्यांनी सुटायला लागतो. त्याला दुरुस्ती नाही. म्हणून आम्ही ६०० डेनियरचं, म्हणजे जाड धाग्याचं, पॉलिएस्टर आणि कॅनव्हास वापरतो आणि चेन नायलॉनची, ८ नंबरची लावतो. समुद्राजवळ धातूची चेन हिरवट पडून अडकते. चेन जड झाली म्हणून खोबरेल तेल घालू नका. त्यावर वाळू चिकटते आणि दातांत बसते. मेणबत्तीचा तुकडा घासा. चेन लावली तरी मागून उघडत असेल तर बहुतेकदा रनर सैल झालेला असतो. तो बदलला की काम होतं, पूर्ण चेनचे पैसे मोजायची गरज नसते. रनर आम्ही दुसरीकडून घेतलेल्या बॅगांनाही बसवून देतो. बॅग वापरात नसताना आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, चेन उघडी ठेवा, आणि प्लॅस्टिकच्या पोतीत बांधून माळ्यावर टाकू नका. बुरशी तिथेच धरते.

बदलून देण्याबद्दल. न वापरलेली, लेबल असलेली बॅग बिल दाखवून बदलून मिळते. प्रवास करून आलेली बॅग "मोठी झाली" म्हणून परत घेत नाही, शिवण किंवा बक्कल गेलं असेल तर दुरुस्त करून देतो. मापाने शिवून घेतलेली बॅग परत होत नाही, म्हणून तिच्यासाठी निम्मे पैसे आधी घेतो.

शिवून घ्यायची असेल तर नेहमी नेता ते सामान एका पिशवीत घालून दुकानात घेऊन या, लॅपटॉप आणि चपलांसकट. आम्ही ते मांडून, पाट लावून मोजतो. याचे वेगळे पैसे नाहीत. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत हे जमत नाही, इतर दिवशी या. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस नवीन शिवणकाम घेत नाही, तयार बॅगा मिळतील. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद.