घटकराज्यांची संविधाने आणि नागरिकांचे हक्क (अमेरिका)

अमेरिकेत देशाच्या संविधानाखेरीज पन्नासही घटकराज्यांना स्वतःचे संविधान आहे आणि प्रत्येकात हक्कांची वेगळी सनद आहे. भारतात जम्मू-काश्मीरचा अपवाद सोडला तर अशी व्यवस्था कधी नव्हती, आणि तोही २०१९ मध्ये संपला. म्हणूनच अमेरिकी हक्कांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापाशी थांबते. मुळात सुरुवात राज्यांपासून झाली. व्हर्जिनियाची हक्कसनद जून १७७६ ची. देशाच्या संविधानाला पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या त्या १७९१ मध्ये. त्या दुरुस्त्या राज्य सरकारांवर बंधनकारक नाहीत, असा निकाल १८३३ मध्ये लागला. पुढे १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे विसाव्या शतकात त्यांतल्या बहुतेक दुरुस्त्या राज्यांनाही लागू झाल्या. तोवर राज्य सरकारपासून नागरिकाला संरक्षण होते ते प्रामुख्याने राज्याच्या सनदेचेच.

त्या सनदेत किती बळ असू शकते, हे मॅसॅच्युसेट्समध्ये दिसले. तिथले १७८० चे संविधान आजही लागू आहे. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, हे त्याचे पहिले कलम. शेफील्ड गावात जॉन अ‍ॅशली यांच्या घरी बेट नावाची कृष्णवर्णीय स्त्री गुलाम होती. मालकिणीने चुलीतले तापलेले फावडे एका मुलीवर उगारले, तेव्हा बेट मध्ये पडली. घाव तिच्या हातावर बसला आणि वण जन्मभर राहिला, असे सांगतात. तिला वाचता येत नव्हते, पण समानतेचे ते शब्द कानावर पडले होते. ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली. १७८१ मध्ये ज्युरीने तिला आणि ब्रॉम या गुलामाला मुक्त ठरवले आणि तीस शिलिंग भरपाई देवविली. बेटने पुढे एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकाही गुलामाची नोंद नाही.

देशाचे संविधान हे हक्कांचे जोते आहे. त्यावर किती मजले चढवायचे ते राज्य ठरवते, जोते मात्र उकरता येत नाही. निकाल राज्याच्याच संविधानावर उभा आहे असे राज्याच्या न्यायालयाने स्पष्ट लिहिले, तर सर्वोच्च न्यायालय त्यात हात घालत नाही. सर्वोच्च न्यायालयाचेच न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी १९७७ मध्ये एका लेखातून राज्यांच्या न्यायालयांना याच वाटेने जाण्याचे आवाहन केले.

टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या एजवुड या गरीब वस्तीतले पालक शाळांच्या विषम निधीविरुद्ध लढत होते. शिक्षण हा देशाच्या संविधानातला मूलभूत हक्क नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये त्यांना परत पाठवले. टेक्ससच्या १८७६ च्या संविधानात मात्र कार्यक्षम मोफत सार्वजनिक शाळांची जबाबदारी विधिमंडळावर टाकलेली होती. त्या आधारावर १९८९ मध्ये टेक्ससच्या न्यायालयाने एजवुडच्या बाजूने एकमताने निकाल दिला. सोळा वर्षांत मुलांची एक पिढी शाळेतून बाहेर पडली होती, हेही विसरू नये.

ही संविधाने बदलायला तुलनेने सोपी असतात आणि हा धोका खरा आहे. अलाबामाचे १९०१ चे संविधान तर कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावण्यासाठीच रचले गेले. कॅलिफोर्नियात न्यायालयाने मे २००८ मध्ये मान्य केलेला समलिंगी विवाहाचा हक्क त्याच नोव्हेंबरात मतदारांनी घटनादुरुस्तीने काढून घेतला. उलट, कॅन्ससच्या न्यायालयाने २०१९ मध्ये राज्याच्या सनदेत गर्भपाताचा हक्क असल्याचे म्हटले, आणि तो रद्द करू पाहणारी दुरुस्ती ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या मतदारांनी फेटाळली.