ताज्या आकड्यांवर निर्णय: सेव्हन-इलेव्हन जपानने घालून दिलेली वाट

विक्रीचे ताजे आकडे पडद्यावर बघायचे आणि त्याच दिवशी निर्णय घ्यायचा, हे आता सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. याला ते ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हणतात, आणि हे नावही काही नवं नाही. आयबीएममधले संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ साली याच नावाच्या यंत्रणेची कल्पना मांडली होती. कंपनीत येणारी कागदपत्रं यंत्राने वाचायची, सारांश काढायचा आणि ज्याच्या कामाची माहिती त्याच्या टेबलावर पोचवायची, असा तो बेत होता.

दुकानातल्या विक्रीचा हिशेब मात्र वेगळ्या वाटेने इथवर आला. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी रिग्लीच्या च्युइंगगमचं पाकीट बारकोड वाचून विकलं गेलं. तिथल्या दुकानदारांना बारकोड हवा होता तो मुख्यतः गल्ल्यावरची रांग भराभर सरकावी आणि किमतीच्या चुका टळाव्यात म्हणून. कोणता माल मागवायचा हे त्यातून ठरवता येईल, हा विचार खऱ्या अर्थाने रुजला तो जपानमध्ये.

ट्रॉयमधल्या त्या पाकिटाच्या महिनाभर आधी टोकियोच्या तोयोसु भागात सेव्हन-इलेव्हन या छोट्या दुकानांच्या अमेरिकी साखळीचं जपानमधलं पहिलं दुकान उघडलं होतं. (मुंबईत, अंधेरीला, हे नाव पोचायला ऑक्टोबर २०२१ उजाडला.) अशी दुकानं साधारण शंभर चौरस मीटरची. मालाचे प्रकार हजारोंनी, पण साठवायला मागे गोदाम असं जवळजवळ नाहीच. त्यात ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, आणि जेवणाचे डबे हा नाशवंत माल. जास्त मागवला तर फेकायचा. कमी मागवला तर होणारं नुकसान वहीत कुठेच दिसत नाही, कारण रिकाम्या हाताने परत गेलेल्या गिऱ्हाइकाचं बिल फाटत नाही.

वेळेचं मोल इथे कळतं. समजा, दिवसाअखेर हिशेब सांगतो की ओनिगिरीचे वीस नग खपले. मालक म्हणेल, उद्याही वीसच मागवू. पण विसावा नग सकाळी अकरालाच गेला असेल, तर दुपारच्या जेवणाच्या वेळचा सगळा धंदा हातचा गेलेला असतो. हे कळायला प्रत्येक नग किती वाजता गेला याची नोंद लागते. सेव्हन-इलेव्हन जपानने १९८२ पासून दुकानांत तशी यंत्रणा बसवली. गल्ल्यावरचा माणूस बिल पूर्ण करताना गिऱ्हाईक बाई की पुरुष, अंदाजे वय किती, याचंही बटण दाबत असे.

पण माझ्या मते तोशिफुमी सुझुकी यांच्या नेतृत्वाखालच्या या जपानी कंपनीचं खरं कर्तृत्व यंत्रात नव्हतं. ऑर्डर कोणी द्यायची, हे तिने ठरवलं. मुख्यालय शिफारशी करायचं, सल्लागार दुकानोदुकानी फिरायचे, पण उद्या काय आणि किती मागवायचं याचा निर्णय दुकानातच व्हायचा. अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यांकडे आणि गृहिणींकडेसुद्धा एकेका प्रकारच्या मालाची जबाबदारी असे. उद्या ऊन वाढणार, जवळच्या शाळेत क्रीडास्पर्धा आहे, म्हणजे थंड पेयांना उठाव येईल, असा अंदाज त्यांनी बांधायचा, त्याप्रमाणे माल मागवायचा आणि दुसऱ्या दिवशी आकड्यांशी ताडून बघायचा. जपानीत या पद्धतीला ‘तानपिन कानरी’ म्हणतात: एकेका वस्तूचा स्वतंत्र हिशेब.

माल वेळेवर आला नसता तर ही सगळी हुशारी वाया गेली असती. म्हणून भाताचे पदार्थ दिवसातून तीनदा पोचवायला १९८७ मध्ये सुरुवात झाली. त्याच वर्षी अमेरिकेत वॉलमार्टचं उपग्रह-जाळं पूर्ण झालं आणि तिथल्या दुकानांचे आकडेही मुख्यालयात झपाट्याने पोचू लागले.

मग १९९० साली सेव्हन-इलेव्हनची मूळ अमेरिकी कंपनी, साउथलँड, कर्जापायी दिवाळखोरीत गेली. मार्च १९९१ मध्ये सेव्हन-इलेव्हन जपान आणि तिची पालक कंपनी इतो-योकादो यांनी तिचा ७० टक्के हिस्सा विकत घेतला. जिच्याकडून नाव घेतलं, तिलाच वाचवायची वेळ आली होती. अमेरिकी दुकानांत शीतपेयांच्या आणि वेफर्सच्या कंपन्यांची माणसं ट्रक घेऊन येत आणि परस्पर फळ्या भरून जात. काय ठेवायचं हे पुरवठादारच ठरवत. जपानी मालकांनी तिथेही माल मागवायचा अधिकार दुकानातल्या माणसाकडे द्यायचं ठरवलं, आणि पुरवठादारांशी, जुन्या सवयींशी झगडत ते काम पुढे कित्येक वर्षं चाललं.